तळमजल्यावरची खाट

१० नोव्हेंबर २०१४, सोमवार

आजपासून रोज लिहायचे ठरवले आहे. कारण भैरू.

भैरू म्हणजे माझी धाकटी बहीण मैना, तिचा नवरा. ऑगस्टमध्ये खराडीत घरफोडी झाली, त्या दुपारी तो येरवड्याच्या सिग्नलवर गाड्या पुसायची फडकी विकत होता. पण तसे सांगणारा कोणी मिळाला नाही. ज्यांनी फडकी घेतली ते हिरवा दिवा लागताच निघून गेले. आता भैरू येरवड्यालाच आहे, तुरुंगात. वकीलसाहेब मला म्हणाले, तुम्हा पारध्यांच्या पोरांनी कोणत्या वेळी कुठे होतो आणि कोणी पाहिले हे रोज लिहून ठेवावे. कोर्टात चालेल असे नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

तर आज: सकाळी ९ पर्यंत पालावर. ९.४० ते ५ संस्थेत, साक्षीदार मंदाकिनीताई. ५.१५ ची बस. कंडक्टरचा बिल्ला नंबर घ्यायचा राहिला.

मंदाकिनीताई निवृत्त नर्स आहेत. त्यांच्या संस्थेत मी आरोग्यसाथी आहे. म्हणजे आमच्या लोकांना दवाखान्यात न्यायचे, केसपेपर काढायचा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते पालावर नीट समजावून सांगायचे. माझे शिक्षण नववीपर्यंत, आश्रमशाळेत. अक्षर चांगले आहे म्हणून काम मिळाले.

शनिवारच्या शिबिरात मैनेचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६.१. आठवा महिना सरत आला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कळा सुरू व्हायच्या आधी भरती करून रक्त चढवले पाहिजे. नाहीतर बाळंतपणात थोडेसे रक्त गेले तरी ती राहणार नाही. "राहणार नाही" हे शब्द मी वहीत तसेच लिहून घेतले. पालावर मात्र सांगता आले नाहीत. उद्या सांगतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितले. भैरू आत असल्यामुळे निर्णय त्याचे वडील घेणार. हिंदुराव त्यांचे नाव, मी त्यांना मामा म्हणतो. आम्ही आपसांत पारधी बोलतो, इथे मराठीत लिहितो.

मामांनी आजार काय ते विचारलेच नाही. विचारले, "कितव्या माळ्यावर ठेवत्यात?"

"पहिल्या."

"मग न्हाई."

आमच्यात बाईच्या लुगड्याचा विटाळ मानतात. वाळत घातलेल्या लुगड्याखालून पुरुष जात नाही. म्हणून बाई माडीवर चढत नाही, कारण खाली पुरुष असतात. चढली तर तिच्या माणसांना जातीबाहेर बसावे लागते. पंच बसून शुद्ध करीपर्यंत त्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नाही. भैरूच्या खटल्यासाठी उद्या जातीचीच माणसे उभी राहायला हवीत. मामांना त्याची भीती आहे. ती खोटी नाही.

मैनेची सासू सोजरबाई म्हणाली, "मी सात पोरं पालातच काढली, एकटीनं. डाक्टरचं तोंड न्हाई बघितलं."

सातांतली जगली किती ते मी विचारले नाही. मला माहीत आहे. तीन.

मैना चुलीपाशी बसली होती. दोन वाक्ये बोलली की ती धापा टाकते. हळूच म्हणाली, "दादा, तळाला न्हाई का रं कुठं खाट?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल तीन दवाखाने पाहिले. तिन्हीकडे बाळंतिणींचा वॉर्ड वर. एका ठिकाणी दाराजवळच्या रक्षकाने माझी पिशवी दोनदा उघडून पाहिली. मी सगळी कागदपत्रे दाखवली, रेशनकार्डाची प्रतसुद्धा. त्याने मागितली नव्हती.

आज ताईंना सांगितले.

"तळमजला?" ताई म्हणाल्या. "पुण्यात तळमजल्यावर दुकानं असतात, श्यामसुंदर. बाळंतिणींचं भाडं परवडत नाही कोणाला."

मला वाटले संपले. पण त्यांनी चष्मा लावला आणि ११.१० पासून फोन सुरू केले. नवव्या फोनला जमले. महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात तळमजल्यावर वेगळ्या खोलीत एक खाट आहे. सोमवारी, १७ तारखेला सकाळी ९ वाजता. रक्त बाहेरच्या रक्तपेढीतून येईल.

"ही समजूत मला पटत नाही, हे तुझ्या मामांना सांग," ताई म्हणाल्या. "आणि खाट मिळाली, हेही सांग. याच क्रमानं."

मी क्रम उलटा केला. मामांनी बोटांवर वार मोजले. मग म्हणाले, "सोमवार चांगला हाय."

ताईंनी आणखी एक काम दिले आहे. पालावरच्या सगळ्या बायका आणि मुलांची यादी. ती असली तर डॉक्टरीणबाई महिन्याला एकदा इथेच येतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

यादी झाली. ७.३० ते १२. कडुनिंबाच्या बाजूने पालांना क्रमांक दिले, एक ते अकरा. रकाने असे: नाव, वय, नवरा किंवा बाप, तो कुठे धंदा करतो, आजार, शेरा. मैनेपुढे लिहिले, पाल क्रमांक सात, आठवा महिना, रक्त कमी, सासरा हिंदुराव. एकूण चार पाने. कुठेही खाडाखोड नाही.

चौथ्या पालावरची शालू नाव सांगायला तयार होईना. "लिव, लिव. माझ्या आज्याला बी असंच लिवलं व्हतं. मग रोज चौकीत हजेरी."

"वैनी, हे लसीसाठी आहे."

"त्यो लिवणारा बी असंच गोड बोलायचा म्हणं." शेवटी तिचा नवरा दत्तोबा याने तिचे नाव सांगितले. तो हसत होता, ती हसली नाही.

झेरॉक्सच्या दुकानात वीज नव्हती. तेव्हा सर्जेराव देवासारखे भेटले. आम्ही ज्या मोकळ्या जागेवर राहतो त्या जागेच्या मालकाचे ते काम पाहतात. भिंतीपलीकडे त्यांचे ऑफिस आहे. आमच्या लोकांशी त्या बाजूचे कोणी बोलत नाही, पण यांनी स्वतःहून हाक मारली. "अरे दुकानं काय हुडकतोस? आपलं मशीन हाय की आत." मला चहा दिला, खुर्चीवर बसवले आणि पाने घेऊन आतल्या खोलीत गेले. मशीन आठ वेळा वाजले. माझी पाने चारच. काही खराब निघाली असतील. मी नाव काढले नाही, फुकट करून देणाऱ्याला काय विचारायचे. परत देताना म्हणाले, "काय अक्षर हाय राव तुझं! आमच्या पोरांना दाखवलं पायजे."

६ ते ६.२० फोनवरून ताईंना यादी वाचून दाखवली. त्या पलीकडे लिहून घेत होत्या. कागद सोमवारी देईन.

१५ नोव्हेंबर, शनिवार



सकाळी ६.१० ला पोलीस आले. एक जीप, एक मोठी गाडी. हवालदाराच्या हातात कागद होते. तो ओरडला, "पाल नंबर एक!" कोणी हलले नाही. पालांना नंबर आहेत हे माझ्याशिवाय आमच्यात कोणाला माहीतच नव्हते. मग त्याने एकातले पुरुष नावाने बोलावले. मग दोनमधले. ओळीने. कोण कोणत्या सिग्नलवर उभा राहतो तेही त्याला ठाऊक होते.

सातव्याला तो म्हणाला, "आठवा महिना, रक्त कमी, ती कोण? तिच्या सासऱ्याला पुढं घ्या. बाकीचे आपोआप उठतील."

मामांना कॉलर धरून जीपपर्यंत नेले, आत घातले नाही. "दहापर्यंत जागा रिकामी. न्हाई तर घरफोडीत अजून चार नावं बसवायची राहिल्यात."

मी माझे ओळखपत्र दाखवले. हवालदाराने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "तू शिकलेला दिसतोस. समजाव ह्यांना." मी ओळखपत्र खिशात ठेवले आणि बाजूला झालो. हे मी खरे लिहितो.

साडेनऊला पाले उतरली. मी मामांना म्हणालो, सोमवारी खाट आहे, मैनेला माझ्याजवळ ठेवा. मामा माझ्या पिशवीकडे पाहत होते. "सगळं लिवलं व्हतंस न्हवं तू? रकाने पाडून? आता तू येऊ नगंस."

मैना गाठोडे उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. सोजरबाईने तिला उठवले. कुठे चालले ते मला कोणी सांगितले नाही. वाघोलीच्या रस्त्याला लागले एवढे दिसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

यादी मी फक्त ताईंना वाचून दाखवली होती. आणखी कोणाला नाही.

ताईंचे चार फोन आले. उचलले नाहीत. इतकी वर्षे आमच्यासाठी धावणारी बाई असे का करील? पण मग हवालदाराला कसे कळले? ती पेठेतली, चांगल्या घरची. अशा माणसांच्या ओळखी सगळीकडे असतात. नऊ फोनांत खाट मिळते, तर बाकीचेही एका फोनात होत असेल.

असे लिहिताना लाज वाटते. खोडत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज ९ वाजता मैनेची खाट होती.

सकाळपासून वाघोलीत शोधले. बाजार, बसथांबा, मंगल कार्यालयामागची जागा. चहाच्या टपरीवर पारधी हा शब्द उच्चारला की लोक आधी स्वतःच्या खिशाला हात लावतात. मामांचा फोन बंद.

परत येताना आमच्या रिकाम्या जागेपाशी सर्जेराव भेटले. त्यांनी स्वतःहून चौकशी केली. "कुठं गेली रे मंडळी? वाईट झालं बघ. कळलं की मला सांग, औषधपाणी बघू." त्यांनी नंबर दिला. साऱ्या जगात आज एवढा एकच माणूस माझ्याशी माणसासारखा बोलला.

ताईंचे फोन: सहा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहीत आहे. क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

११.२० ला येरवड्याच्या सिग्नलवर शालू दिसली. फडकी विकत होती. मला पाहून तोंड फिरवले. मी म्हणालो, "मैना कशी आहे एवढंच सांग." दोन वेळा दिवा लाल झाला, हिरवा झाला. मग ती म्हणाली, "सोजराक्का रडाया लागली सकाळी. ती कधी रडत न्हाई." आणि माझ्यापुढे चालू लागली.

वाघोलीत एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिच्या आत पाले होती. मैना पडून होती. पाय सुजलेले, ओठ पांढरे, आणि सकाळपासून पोटात दुखत होते. नखे दाबून पाहिली. शिबिरात दाखवले होते, दाबल्यावर रंग परत आला पाहिजे. नखांना मुळात रंगच नव्हता.

गाडी हवी होती. मी सर्जेरावांना फोन लावला. १२.५०.

ते म्हणाले, "खाणीत का? किती पालं हायत? गडीमाणसं हायत का सगळी?"

मी सांगितले. सगळी आहेत, पण आधी गाडी पाठवा, बहीण फार आजारी आहे. "आलो, आलो. हलू नका कुणी," ते म्हणाले.

पाऊण तास गेला. मामा उकिडवे बसून माझ्याकडे पाहत होते. शालू म्हणाली, "कुणाला लावलास फोन?"

"सर्जेरावांना. भिंतीपलीकडचे. चांगले आहेत. यादीच्या प्रतीही त्यांनीच..."

शालूने दोन्ही हात डोक्यावर नेले.

मी ताईंना फोन केला. आधी विचारले, "ताई, तुम्ही यादी कोणाला दिलीत?"

"कोणती यादी? ती तू सोमवारी देणार होतास."

"शुक्रवारी तुम्ही लिहून घेत होता."

"आकडे लिहिले. बायका अकरा, मुलं तेवीस. नावं घेऊन मी काय त्यांचं लोणचं घालू? श्यामसुंदर, मैना कुठे आहे?"

पालांचे क्रमांक मी फोनवर वाचलेच नव्हते. ते फक्त कागदावर होते. मशीन आठ वेळा वाजले होते.

मी ताईंना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. "१०८ ला फोन कर. तिथल्या माणसांना उठव. मग रड," एवढेच म्हणाल्या.

रुग्णवाहिका १.५५ ला आली. मैना, सोजरबाई, मामा आणि मी. मी ओरडून सगळ्यांना सांगितले, निघा, आत्ता निघा. पाले उतरवायला वेळ लागतो. खाणीच्या कच्च्या रस्त्यावर समोरून जीप आली आणि रुग्णवाहिकेला वाट द्यायला बाजूला थांबली. पुढच्या बाकावर हवालदाराशेजारी सर्जेराव बसले होते. त्यांनी मला ओळखले. मान हलवली, रोज हलवतात तशी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कालचे राहिलेले.

तळमजल्यावरची खाट सोमवारीच दुसऱ्या बाईला दिली गेली. शिवाय मैनेची अवस्था पाहून प्रसूतिगृहाने घेतले नाही, मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे वॉर्ड पहिल्या मजल्यावर.

जिन्यापाशी मामांनी स्ट्रेचरची दांडी धरली. "वर?"

ताई रिक्षाने पोहोचल्या होत्या. "हिंदुराव, खाली कोण कोण आहे हे मोजत बसलात, तर वर न्यायला कोणी उरणार नाही."

मामांनी मैनेकडे पाहिले. तिचे डोळे अर्धे मिटले होते. त्यांनी मला विचारले, "ह्या इमारतीत आमच्यातला बाप्या कोन हाय?"

"तुम्ही आणि मी."

"बाकीचं?"

"परके."

"परक्यांचं परक्यांनी बघावं." त्यांनी दांडी सोडली. "चल भाईर. आपुन खाली नसलो म्हंजी झालं."

स्ट्रेचर लिफ्टकडे गेले. मामा निघाले, मी निघालो नाही.

"शाम्या, चल."

"मामा, मला रक्त द्यायचंय. तिला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात."

"कुठं?"

"इथंच. तळमजल्यावर."

मामांनी वर छताकडे पाहिले, मग माझ्याकडे. फाटकाबाहेर गेले, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवर इमारतीकडे पाठ करून बसले.

रक्तपेढीत एक फॉर्म दिला. नाव, बापाचे नाव, जात, पत्ता, फोन. फाटकाच्या आतच पोलीस चौकी आहे, मघाशी त्यातून एक शिपाई येऊन नोंदवहीत काहीतरी पाहून गेला होता. पेन हातात धरून मी बसलो. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "लिहिता येत नाही का? मी भरू?"

"येतं," मी म्हणालो. सगळे खरे लिहिले. जात पारधी. पत्त्याच्या ओळीत काय लिहायचे ते कळेना. संस्थेचा लिहिला. वजन ४७. चालेल म्हणाल्या.

सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. वर पंखा होता, पंख्याच्या वर छत आणि छताच्या वर मैना. लहानपणापासून ऐकले आहे की असे झाले तर पुरुषाचे तेज जाते. पिशवी डावी-उजवी हलत होती आणि भरत होती. मला फार भीती वाटली. विटाळाची, पोलिसांची आणि पिशवी पुरेशी भरणार नाही याची. त्या वेळी यातली कोणती मोठी होती ते आता सांगता येत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहाटेच मुलगी झाली. १ किलो ९०० ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली आहे. मैनेला दोन पिशव्या चढवल्या, तिसरी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस जाऊ दे, मग सांगतो." मी विचारले, म्हणजे धोका आहे का? ते म्हणाले, "मी काय म्हणालो? एक दिवस." मी वहीत लिहिले, एक दिवस.

शालूचा फोन आला. खाणीतून दत्तोबा आणि आणखी दोघांना नेले आहे. बाकीचे पांगले. ती रडत नव्हती. म्हणाली, "लिव आता. दत्तोबा, पाल नंबर चार."

ताईंना सांगितले. त्यांनी वकीलसाहेबांना फोन लावला आणि मला म्हणाल्या, "सर्जेरावनं काय विचारलं, तू काय सांगितलंस, सगळं लिहून दे. तुझा गाढवपणासुद्धा. तो गाळलास तर उपयोग नाही." दोन तास लिहीत होतो. उद्या त्याखाली सही करायची आहे. सही केली की माझे नाव पोलिसांकडे जाणार. पंचांपुढेही मला उभे राहावे लागेल, ते वेगळेच.

मामा अजून पलीकडच्या फुटपाथवर आहेत. दोनदा भाकरी नेऊन दिली. माझ्या हातची घेतली नाही. सोजरबाईच्या हातची घेतली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

११ वाजता सही केली. साक्षीदार ताई आणि वकीलसाहेब.

दुपारी डॉक्टर म्हणाले, मैना वाचली. हिमोग्लोबिन ८.४. आणखी पाच दिवस हलवायचे नाही.

४ ते ६ भेटायची वेळ. मी वर गेलो. मैना उशीला टेकून बसली होती. नर्सने मुलगी दहा मिनिटांसाठी तिच्याजवळ दिली होती. ती मुठीएवढी दिसते. मैनेने विचारले, "मामंजी कुठंत?"

"पलीकडे. पाठ करून बसलेत."

ती खाटेवरून उतरली. मी नको म्हणत असताना भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेली आणि तिने हाक मारली नाही, नुसती मुलगी गजांपाशी धरली. सोजरबाई खाली फाटकात उभी होती. तिने वर पाहिले आणि रस्त्यापलीकडे हात केला.

मामा उठले. रस्ता ओलांडला. मला वाटले फाटकाशी थांबतील. थांबले नाहीत. आवारात आले, चालत चालत भिंतीपर्यंत, अगदी खिडकीच्या खाली. मुंडासे काढून हातात घेतले आणि मान मागे टाकून वर पाहू लागले. तिथून चौकीचे दार दहा पावलांवर आहे. दारातला शिपाई उभा राहिला. त्याने मामांना आपादमस्तक पाहिले आणि आत कोणालातरी काही म्हणाला.

मी ओरडणार होतो, मामा, निघा तिथून. मैनेने एका हाताने माझे मनगट धरले. तिच्या बोटांत आता जोर आहे.

"बघू दे त्यास्नी," ती म्हणाली.

शिपाई पायऱ्या उतरून येत होता. मामा वरच पाहत होते.